कोरडा डोळा, एक बाटली आणि न विचारलेला प्रश्न

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण

विषय : कोरड्या डोळ्यांचे थेंब, त्यांची खरेदी, लेबल आणि तालुका पातळीवरची तपासणी

सविनय नमस्कार.

नेत्र विभागाच्या ओपीडीत एक संवाद रोज होतो. पेशंट सांगतो, "डोळ्यातून सारखं पाणी गळतंय." तपासणारा म्हणतो, "डोळा कोरडा पडलाय." समोरच्याला वाटतं, चेष्टा चाललीय. चेष्टा नसते. डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर टिकत नाही, बुबुळ उघडं पडतं, चुरचुरतं, आणि त्या चुरचुरीने ग्रंथी एकदम पाणी सोडते. हे पाणी गालावर ओघळतं, डोळ्यावर थांबत नाही. दोन मिनिटांनी पुन्हा वाळू गेल्यासारखी कचकच सुरू.

हे पत्र लिहिणारे आम्ही तीन तऱ्हेचे लोक आहोत : दिवसातून सहा ते बारा वेळा थेंब घालणारे, डोळे तपासणारे, आणि औषधाच्या दुकानात गल्ल्याच्या आतल्या बाजूला उभे राहणारे. कुठल्या एका दवाखान्याविरुद्ध किंवा कंपनीविरुद्ध आमची तक्रार नाही. तक्रार एका सवयीबद्दल आहे. खरेदीपासून केसपेपरपर्यंत सगळीकडे धरून चाललेलं असतं की कोरडा डोळा हा किरकोळ त्रास, एक बाटली लिहून दिली की काम झालं. कुठली बाटली, हे कुणी विचारत नाही.

हे का झालं, ते आम्हाला कळतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला तेव्हापासून त्याचा मुख्य हिशेब मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांमध्ये होत आला. पुढे चष्मे, काचबिंदू, मधुमेहाने बिघडणारा पडदा, नेत्रदान ही कामं त्यात आली. कोरड्या डोळ्याचा माणूस या सगळ्यातून निसटतो, कारण तक्त्यावर तो ६/६, म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत सगळं, वाचतो. कसा वाचतो ते जवळून पाहा. शेवटच्या ओळीपाशी आला की डोळे मिटतो, उघडतो, तीन अक्षरं वाचतो, चौथं पुसट होतं, पुन्हा मिटतो, मग उरलेली वाचतो. केसपेपरवर "६/६" पडतं. त्याच माणसाला रात्री गाडी चालवताना समोरच्या ट्रकचे दिवे फुटल्यासारखे दिसतात आणि यंत्रमागावर तुटलेला धागा सापडायला वेळ लागतो. मोबाईल-संगणकासमोर तर पापणी मिटण्याचं प्रमाण मिनिटाला पंधरा-एक वेळांवरून पाच-सातवर येतं, आणि मिटते तीही अर्धवट. जिनिंगचा कारखाना, चुलीचा धूर, उघड्या हेल्मेटने दुचाकीवरचा रोजचा तासभर, विदर्भातल्या मे महिन्यात रात्रभर तोंडावर घेतलेला कुलरचा झोत : अशा कामांनी आणि सवयींनी होणाऱ्या त्रासाला हिशेबात रकानाच नाही.

बाटलीचं गणित

राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजचे थेंब, म्हणजे कृत्रिम अश्रू, आहेत. चांगलं औषध आहे. सौम्य त्रासाला ०.५ टक्क्याचं पुरतं, थोडं जास्त टिकायला हवं असेल तर १ टक्क्याचं, मात्र ते घातल्यावर काही मिनिटं धूसर दिसतं. साधारण १० मिलीची बाटली असते. एक थेंब ४० मायक्रोलिटरच्या आसपास धरला तर बाटलीत अडीचशे थेंब निघतात. दोन डोळे, चार वेळा, म्हणजे दिवसाला आठ थेंब. बाटली महिनाभर जाते, आणि उघडल्यावर महिन्याने टाकून द्यायची असते, म्हणजे हिशेब बरोबर बसतो.

पण हा हिशेब सौम्य त्रासाचा झाला. ज्याला दीड-दोन तासांनी थेंब लागतात त्याला दिवसाला वीस थेंब हवेत. त्याची बाटली बाराव्या-तेराव्या दिवशी संपते आणि पुढची चिठ्ठी महिन्याने असते. मग तो थेंब वाचवायला लागतो. एक थेंब दोन डोळ्यांत वाटतो, बाटलीचं टोक पापणीला टेकवून घालतो म्हणजे वाया जाऊ नये. टोक पापणीला टेकलं की जंतू बाटलीत गेले. काटकसरीने महिना निघतो, पण डोळ्यात काय जातंय ते कुणाला ठाऊक नसतं.

याहून मोठी अडचण बाटलीतल्या दुसऱ्या रसायनाची आहे. उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. त्यातलं जुनं आणि सर्रास वापरलं जाणारं म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइड, बहुतेक वेळा ०.०१ टक्का. ते साबणासारखं वागतं. जंतूचं आवरण फोडतं, पण अश्रूंवरचा तेलाचा थरही फोडतं, आणि डोळ्याला ओलावा धरून ठेवायला मदत करणारा चिकट पदार्थ ज्या पेशी बनवतात त्यांनाही इजा करतं. निरोगी डोळा हे दिवसातून तीन-चार वेळा, थोडे आठवडे सहज सोसतो. आधीच कोरड्या डोळ्यात वर्षानुवर्षं, दिवसातून दहा वेळा तेच गेलं तर ज्या त्रासासाठी औषध घातलं तोच वाढतो. पेशंट म्हणतो, "घातलं की आग होते, पण घातल्याशिवाय चालत नाही." त्यात त्याला काचबिंदू असेल तर त्या थेंबांतही बहुधा हेच रसायन असतं, आणि ते जन्मभर घालायचे असतात.

नेत्रवैद्यकात यावर साधा नियम आहे. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागणार असतील तर ते प्रिझर्व्हेटिव्ह-विरहित असावेत. मधला मार्गही आहे. स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स किंवा सोडियम परबोरेट ही सौम्य प्रिझर्व्हेटिव्ह डोळ्यात गेल्यावर विघटन होऊन निरुपद्रवी होतात. पण अत्यावश्यक औषधांच्या यादीत घटकाचं नाव आणि टक्केवारी असते, प्रिझर्व्हेटिव्हचा रकाना नसतो. निविदेतही तेवढंच उतरलं की सर्वांत स्वस्त बाटली येते. स्वस्तात काय घातलंय हे बघायचं काम मग पेशंटच्या डोळ्यावर येतं.

नुसतं प्रिझर्व्हेटिव्ह काढून चालत नाही

हा मुद्दा आम्ही मुद्दाम लांबवतो आहोत, कारण आमचीच मागणी अर्धवट ऐकली गेली तर नुकसान जास्त होईल.

२०२३ साली अमेरिकेत औषधांना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनास जंतूची साथ उघडकीस आली. १८ राज्यांत ८१ जणांना लागण झाली, चार जण दगावले, चौदा जणांची नजर गेली, आणखी चौघांचा डोळा काढावा लागला. धागा जाऊन पोहोचला कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांपर्यंत, आणि त्या तमिळनाडूतल्या कारखान्यात तयार झालेल्या होत्या. घटक तोच, कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज. पुन्हा पुन्हा उघडायची बाटली आणि आत पुरेसं प्रिझर्व्हेटिव्ह नाही, हा तिथल्या औषध प्रशासनाने नोंदवलेला एक ठळक दोष. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी आणखी दोन डझनांहून अधिक डोळ्यांच्या औषधांबद्दल इशारा दिला, आणि तो कारखाना मुंबई परिसरातला होता. तिथे उत्पादनाच्या जागेतल्या नमुन्यांत जंतू सापडले. या दुसऱ्या प्रकरणात इशारा दिला तेव्हा कुणाला इजा झाल्याची नोंद नव्हती, पण परवाना देणारं आणि तपासणी करणारं प्रशासन कुठलं, हे आयुक्त साहेबांना आम्ही सांगायला नको.

यातून खरेदीसाठी निघणारा अर्थ असा की प्रिझर्व्हेटिव्ह काढलं तर डबीही बदलावी लागते. मार्ग दोनच. एक, ०.४ मिलीच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कुप्या. मान मोडायची, दोन्ही डोळ्यांत घालायचे, उरलेलं फेकायचं. झाकण परत बसतं म्हणून ती दिवसभर पुरवणारे लोक आहेत, आणि त्यांना दोष कसा द्यायचा, कुपीत आठ-दहा थेंब असतात आणि लागतात दोन. दुसरा, झडप किंवा गाळणी बसवलेली बाटली, जिच्यातून थेंब बाहेर पडतो पण जंतू आत जात नाहीत. ती महागडी असली तरी महिन्याला दीडशे-दोनशे कुप्यांपेक्षा तिचा कचराही कमी होतो. तिची एक खोड आहे : दाबायला कडक असते. संधिवाताने बोटं वाकलेल्या बाईला ती दाबवत नाही, आणि कोरड्या डोळ्यांच्या गंभीर पेशंटमध्ये संधिवात असलेल्या बायका बऱ्याच असतात. म्हणून दोन्ही प्रकार हवेत. निविदेत नुसतं "प्रिझर्व्हेटिव्ह-विरहित" लिहून साध्या बाटल्या घेतल्या, तर त्यापेक्षा आजची बाटली बरी.

पट्टी, निळा उजेड आणि पाच मिनिटं

बाटली कुठली हे ठरवायचं तर कोरडेपणा कुठल्या जातीचा, ते कळायला हवं. एका जातीत पाणीच कमी बनतं. दुसरीत पाणी बनतं, पण पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्यामुळे ते भराभर उडून जातं, आणि ही दुसरी जात जास्त आढळते. पहिलीला नुसते थेंब, जेल, पुढे अश्रूंची निचरा-छिद्रं बंद करणारे प्लग. दुसरीला गरम शेक आणि पापण्यांची स्वच्छता, थेंब जोडीला. दोघांना एकच चिठ्ठी मिळते.

तपासणीला लागतं काय? शर्मर पट्टी, म्हणजे ५ मिमी रुंद, ३५ मिमी लांब गाळणकागद. टोक खाचेवर दुमडून खालच्या पापणीच्या आत, कानाकडच्या बाजूला अडकवायचं, पाच मिनिटांनी काढायचं, खाचेपासून किती मिमी भिजली ते मोजायचं. पाचपेक्षा कमी म्हणजे पाणी खूपच कमी. त्याआधी फ्लोरेसिन या पिवळ्या रंगाची पट्टी सलाईनच्या थेंबात भिजवून खालच्या पापणीला टेकवायची, दोन-तीनदा डोळे मिटायला सांगायचे, मग निळ्या उजेडात पापणी न मिटता पिवळ्या थरात पहिला काळा ठिपका कधी पडतो ते सेकंदांत मोजायचं. दहाच्या आत पडला तर थर टिकत नाही. आणि शेवटी पापणीची कड बोटाने हलकेच दाबून बघायचं की तेल तुपासारखं पातळ येतं, टूथपेस्टसारखं घट्ट, की येतच नाही.

चुकतं कुठे, तेही सांगतो. पंखा सुरू ठेवून पट्टी लावली जाते, आकडा चुकतो. पट्टी बुबुळाला टोचली की पाणी धो धो येतं आणि कोरडा डोळा ओला ठरतो. आधी शर्मर आणि मग फ्लोरेसिन असा उलटा क्रम झाला तर दुसरा आकडा निरुपयोगी. यासाठी यंत्र नवं घ्यायचं नाही. स्लिट लॅम्प, म्हणजे डोळे तपासायची दुर्बीण, जिथे आहे तिथे निळा फिल्टर त्यातच असतो. नेत्रचिकित्सा अधिकारी ग्रामीण रुग्णालयात आहेत आणि हे काम त्यांच्या शिक्षणात आलेलं आहे. पट्ट्या कपाटात नसतात, आणि असल्या तर मुदत गेलेल्या असतात, इतकीच उणीव.

पट्टी लावण्याआधी तीन प्रश्न विचारायला तर खर्चही नाही. तोंडही कोरडं पडतं का, कोरडी भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळवत नाही का, सांधे दुखतात का. तिन्हीला हो आलं तर शोग्रेनचा आजार असू शकतो. तो शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटल्याने होतो, पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त दिसतो, आणि त्याला रक्ततपासणी आणि संधिवाततज्ज्ञ लागतो. अशी बाई अनेकदा "पाळी जाण्याच्या वयात होतंच" या वाक्यावर वर्षं काढते. चौथा प्रश्न औषधांचा : सर्दीच्या गोळ्या, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं अमिट्रिप्टिलीन. कोरडेपणाचं कारण कधीकधी त्याच पिशवीत असतं.

लाली घालवणारी बाटली

जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यात डोळे आले होते. त्या दोन महिन्यांत दुकानांतून चिठ्ठीशिवाय काय काय गेलं, हे गल्ल्याच्या आतले आम्ही जाणतो. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब सर्वांत आवडते, कारण लाली दोन दिवसांत जाते. पेशंट रिकामी बाटली घेऊन येतो, "हेच द्या." त्याला डोळ्यात कचकच कोरडेपणाने होत असेल तर स्टेरॉइडने तीही कमी होते, म्हणून तो पुढचे सहा महिने तेच घालतो. आत काहींच्या डोळ्याचा दाब वाढत असतो. दुखत नाही, लाल होत नाही. कडेची नजर गेल्यावर कळतं, आणि ती परत येत नाही. जोडीला मोतीबिंदू लवकर.

ही औषधं शेड्यूल एचमधली आहेत, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, बाटलीवर लाल रेघ असते. कायदा आहे. आमच्यातले औषधविक्रेते याबाबत स्वतःची बाजू धुऊन काढत नाहीत. पण एक गोष्ट बघा : ५ मिलीची बाटली, आणि तिच्यावर बाजूबाजूला ब्रँडचं नाव ठळक, घटक मुंगीच्या अक्षरात. एकाच नावापुढे "प्लस", "फोर्ट", "अल्ट्रा" लागलं की आतलं औषध बदलतं. कोरड्या डोळ्याचा माणूस, ज्याला वाचतानाच त्रास होतो, त्याला या अक्षरांतून स्टेरॉइड आहे की नाही आणि प्रिझर्व्हेटिव्ह कुठलं ते शोधायचं असतं. लेबलचे नियम केंद्राचे आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. राज्याचं औषध प्रशासन केंद्राला शिफारस पाठवू शकतं, आणि दुकानदारांना परिपत्रक काढू शकतं.

ज्यांना थेंबांनी भागत नाही

काही पेशंटना वरचं सगळं करूनही पुरत नाही. त्यांच्यासाठी स्वतःच्याच रक्तातून बनवलेले थेंब असतात. रक्त काढायचं, गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं सिरम घ्यायचं, एक भाग सिरम, चार भाग सलाईन, म्हणजे २० टक्के. निर्जंतुक लहान बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवायचं, एक-एक काढून फ्रीजमध्ये ठेवून वापरायची. प्रिझर्व्हेटिव्ह शून्य, म्हणून शिस्त हवी, आणि भारनियमनाच्या गावात फ्रीजचा प्रश्न आहेच. पण यासाठी लागणारं सगळं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रक्तपेढीत असतं. लेखी कार्यपद्धती आणि परवानगी मिळाली तर नागपूरचा किंवा छत्रपती संभाजीनगरचा पेशंट हैदराबादची गाडी पकडणार नाही.

आणि स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. फिट्सच्या, सल्फाच्या किंवा अशाच काही औषधांची तीव्र रिॲक्शन, अंगभर फोड, पेशंट त्वचा विभागात किंवा अतिदक्षता कक्षात. सगळे जीव वाचवण्यात गुंतलेले, ते योग्यच. पण डोळ्याचं भवितव्य याच पहिल्या आठ-दहा दिवसांत ठरतं. पापण्या आतून डोळ्याला चिकटायला लागतात. त्या वेळी नेत्रतज्ज्ञाने रोज पाहिलं, गरज असेल तिथे गर्भवेष्टनाचा, म्हणजे पोटातल्या बाळाभोवतीच्या पिशवीचा, पातळ पडदा डोळ्याच्या पृष्ठभागावर लावला, तर पुढचा जन्मभराचा कोरडेपणा खूप कमी होतो. महिन्याने डिस्चार्जनंतर नेत्रविभागात पाठवलं तर फार उशीर झालेला असतो, आणि मग उरतात स्क्लेरल लेन्स, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या लेन्स, आणि पापण्यांच्या शस्त्रक्रिया, ज्यांसाठी बहुतेकांना हैदराबाद किंवा चेन्नई गाठावं लागतं. इथे बाटलीचा खर्च नाही. पहिल्या दिवशी नेत्रविभागाला एक फोन, एवढंच.

चिठ्ठीबरोबर कागद नाही

कोरड्या डोळ्यातला दाह कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब लिहून दिले जातात, पण ते पहिले काही आठवडे झोंबतात आणि गुण यायला तीन महिने लागतात, हे सांगितलं जात नाही. पंधरा दिवसांत बाटली कपाटात जाते. गरम शेक सांगितला जातो, पण ओला रुमाल दोन मिनिटांत निवतो आणि घट्ट झालेलं तेल वितळायला चाळीस अंशांच्या वरची ऊब पाच-दहा मिनिटं लागते, हे राहून जातं. रुमाल पुन्हा पुन्हा गरम पाण्यात बुडवायचा, मनगटावर लावून बघायचा, आणि शेकल्यावर लगेच वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर हलकेच चोळायची. थेंबांच्या दोन बाटल्या असतील तर मध्ये पाच मिनिटं, नाहीतर पहिला दुसऱ्याने वाहून जातो. मलम सगळ्यात शेवटी, झोपताना. थेंब घातला की डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबायचा. डोळा एका वेळी एकाच थेंबापुरता असतो, दोन घालणं म्हणजे एक गालाला देणं. गुलाबपाणी, मध, तूप, आईचं दूध डोळ्यात नको, कारण त्यातलं काहीही निर्जंतुक नसतं.

आणि कधी वाट बघत थांबायचं नाही, तेही कागदावर हवं : एकच डोळा अचानक दुखणं, उजेड अजिबात न सोसणं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणं, नजर एकदम कमी होणं. तेव्हा थेंब बदलत बसायचं नाही, त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सेवा मोफत झाल्या. त्याचं आम्ही मनापासून स्वागत केलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भर दाखल होणाऱ्या पेशंटवर आहे, आणि कोरड्या डोळ्यासाठी कुणी दाखल होत नाही. त्याचा सगळा खर्च ओपीडीतला, दर महिन्याचा, आयुष्यभराचा. त्यामुळे त्याच्यासाठी मोफत सेवेचा अर्थ फार्मसीच्या खिडकीवरच ठरतो.

आमच्या मागण्या :

१. खरेदीच्या निविदेत डोळ्यांच्या थेंबांसाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात : घटक व टक्केवारी, प्रिझर्व्हेटिव्हचं नाव, आणि डबीचा प्रकार. साध्या बाटलीसाठी बेन्झाल्कोनियमऐवजी सौम्य प्रिझर्व्हेटिव्ह मागावं. प्रिझर्व्हेटिव्ह-विरहित थेंब फक्त एकवापरी कुपीत किंवा झडपेच्या बाटलीत घ्यावेत. कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजचे आणि सोडियम हायलुरोनेट या दुसऱ्या प्रकारच्या कृत्रिम अश्रूंचे, दोन्ही.

२. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत हे थेंब कायम उपलब्ध असावेत, आणि महिन्याला एक बाटली या मापाऐवजी चिठ्ठीवर दिवसातून किती वेळा लिहिलंय त्यानुसार बाटल्या द्याव्यात.

३. ग्रामीण रुग्णालयापर्यंत शर्मर आणि फ्लोरेसिन पट्ट्या, मुदत तपासून. नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना अर्ध्या दिवसाची उजळणी, आणि ओपीडी नोंदवहीत कोरड्या डोळ्याला स्वतंत्र रकाना.

४. राज्यात बनणाऱ्या डोळ्यांच्या औषधांच्या कारखान्यांची न कळवता तपासणी, आणि बाजारातून उचललेल्या नमुन्यांचे निर्जंतुकतेचे अहवाल बॅच क्रमांकासह लोकांना वाचता येतील असे जाहीर व्हावेत.

५. स्टेरॉइड असलेल्या डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठीशिवाय विक्री थांबवण्यासाठी दुकानांची प्रत्यक्ष तपासणी. स्टेरॉइड आहे की नाही आणि प्रिझर्व्हेटिव्ह कुठलं, हे खोक्याच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत मराठी किंवा हिंदीत छापावं, अशी शिफारस केंद्राकडे.

६. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सिरम थेंबांची सोय. स्टीव्हन्स-जॉन्सनच्या प्रत्येक पेशंटचे डोळे दाखल झाल्यापासून २४ तासांत नेत्रविभागाने पाहावेत, असा लेखी आदेश.

७. चिठ्ठीबरोबर द्यायचा एक मराठी कागद. वर लिहिलेला मजकूर त्यासाठी जसाच्या तसा घेतला तरी आमची हरकत नाही.

पहिली मागणी पुढच्या खरेदीची निविदा निघण्याआधी विचारात घ्यावी, कारण एकदा दरकरार झाला की तो संपेपर्यंत "पुढच्या वेळी बघू" हेच उत्तर मिळतं. उत्तराची प्रत कागदावर पाठवलीत तर अक्षरं जरा मोठी असावीत, ही जादा विनंती.

आपले,
थेंब घालणारे, डोळे तपासणारे आणि थेंब विकणारे काही नागरिक